वारा न लागणारी जागा

आमची पोस्ट साडेपंधरा हजार फुटांवर होती. खालचा बेस तिथून अकरा किलोमीटर. उन्हाळ्यात खेचरं यायची. नोव्हेंबरात वाट बुजली की एप्रिलपर्यंत सगळी ने-आण स्नो स्कूटरवर. स्नो स्कूटर म्हणजे इथे जर्मनीत ज्याला स्नोमोबाइल म्हणतात तेच यंत्र: पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, चालवणाऱ्यासकट वजन तीनशे किलोच्या वर. मागे स्लेज जोडायची आणि रॉकेलचे जेरीकॅन, रेशन, डाक वर न्यायची. मी शॉर्ट सर्व्हिसचा कॅप्टन होतो. पोस्टवर माझ्यासकट सव्वीस माणसं. पलटण मराठी जवानांची, त्यामुळे भांडण, भजन आणि हिशेब तिन्ही मराठीतच चालायची.

आता मी उंटरश्लाइसहाइममध्ये राहतो, एका कंपनीत टेस्टिंगचं काम करतो. फौज सोडून बरीच वर्षं झाली आणि त्याबद्दल मी सहसा बोलत नाही. या हिवाळ्यात बोलावं लागलं. माझा मेहुणा निनाद आणि त्याचे चार मित्र फाशिंगच्या, म्हणजे इथल्या कार्निव्हलच्या, सुट्टीत स्वीडनला स्नोमोबाइल चालवायला निघाले आहेत. जर्मनीत खासगी माणसाला डोंगरात असं यंत्र हिंडवता येत नाही, तिकडे येतं. पहिले दोन दिवस गाइड बरोबर, पुढचे तीन दिवस आपले आपण. माझी काळजी त्या तीन दिवसांची. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी हे लिहितो आहे ते अशाच बेतात असलेल्या बाकीच्यांसाठी.

बेस आणि पोस्ट यांच्या साधारण मध्यावर एक खोलगट जागा होती. एका बाजूला उभा उतार, दुसऱ्या बाजूला खोल नाला, पलीकडे आणि अलीकडे डोंगराच्या उघड्या धारा. वाटभर वारा तोंड फोडायचा. या खोलगटात मात्र आगकाडी एका घासण्यात पेटायची. आमच्या आधीच्या जवानांनी तिला नाव दिलं होतं ‘ओसरी’. पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, ओसरीवर आली की थांबायचं, स्टोव्ह काढायचा, चहा करायचा. नकाशावर हे नाव नव्हतं, पण वायरलेस सेटवर सगळे तेच वापरायचे. “ओसरीवर पोचलो, ओव्हर.” ते ऐकलं की पोस्टवर आम्हालाही बरं वाटायचं.

मला बरं वाटणं काही दिवसांनी थांबलं. पोस्टवर जाण्याआधी मी हिमस्खलनाचा कोर्स केला होता, आणि त्यातली एक गोष्ट साध्या व्यवहारातली आहे. वारा बर्फ उचलतो आणि जिथे त्याचा जोर संपतो तिथे टाकतो. म्हणजे ज्या जागी माणसाला वारा लागत नाही, त्या जागेच्या डोक्यावरच वाऱ्याने वाहून आणलेला बर्फ साठतो. आकाशातून एक फूट पडला असेल, तर तिथे तीन फूट असू शकतो. दिसायला तो गुळगुळीत, घट्ट, विश्वासाचा वाटतो.

डिसेंबरच्या अखेरीस मी नाईक यशवंत गुरवला घेऊन ओसरीच्या कडेला, त्याच दिशेला तोंड असलेल्या एका लहान, बिनधोक उतारावर खड्डा खणला. गुरव आजऱ्याकडचा. स्कूटर चालवण्यात आणि दुरुस्त करण्यात पोस्टवर त्याच्या तोडीचा कुणी नव्हता. खड्ड्याची भिंत फावड्याने सपाट केली आणि वरून खाली बोटांनी दाबत गेलो. वर दीड वीत जाड, कडक थर. त्याच्याखाली मात्र बोट आत गेलं. तिथला बर्फ मुठीत धरला तर गोळा होईना, दाणे बोटांतून गळून गेले.

गुरव बघत होता. म्हणाला, “साहेब, हे साखरेवर भाकरी ठेवल्यागत हाय.”

“भाकरीवर तीनशे किलो ठेवले तर?”

“भाकरी मोडंल. आन् उतार आसंल तर सरकंल बी.”

कोर्सच्या पुस्तकात यावर दहा पानं होती. त्यात याहून वेगळं काही नव्हतं.

त्या संध्याकाळी मी ऑर्डर काढली. ओसरीवर थांबायचं नाही. वाटेला दुसरा पर्याय नव्हता, नाल्यामुळे ती जागा ओलांडावीच लागे, पण एका वेळी एकच स्कूटर जाईल. बाकीच्यांनी धारेवर, उघड्यावर वाट पाहायची. आत शिरण्याआधी इंजिन बंद करून उतरायचं आणि ऐकायचं. थर खाली बसतो तेव्हा पायाखाली ‘धप्प’ असा आवाज येतो, कधी भेगही पळते. चालणाऱ्याला तो इशारा मिळतो. स्कूटरवाल्याला इंजिनच्या आवाजात मिळत नाही. शिवाय फावडं आणि प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब सळई, पाठीवर हवं, स्कूटरला बांधलेलं चालणार नाही. बर्फ आला तर स्कूटर एकीकडे जाते आणि माणूस दुसरीकडे.

सुभेदार भोसले माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. ऑर्डर ऐकून त्यांनी बुखारीची, आमच्या रॉकेलच्या शेगडीची, ज्योत कमी केली.

“साहेब, या भागात माझा चौथा हिवाळा. ओसरीनं आजवर कुणाचं वाईट केलेलं नाही.”

“खरं आहे, सुभेदार साहेब. पण केलं नाही एवढ्यावरून करणार नाही असं म्हणता येत नाही.”

“ऑर्डर आहे?”

“ऑर्डर आहे.”

“मग संपलं,” ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पेट्रोलबरोबर स्वतः गेले, धारेवर उभं राहून चहा प्यायला.

जवानांनी कुरकुर केली. पाळलं, पण कुरकुर केली. गुरव सगळ्यात पुढे. “साहेब, कपातनं ओठाला यीस्तवर चहा गार हुतोय.”

“गार प्या.”

“गार चहा प्याला फौजेत आलो व्हय?”

त्या धारेला त्यांनी नाव दिलं ‘पनिशमेंट’. आठवडाभरात सेटवरही तेच सुरू झालं. “पनिशमेंटवर पोचलो, ओव्हर.” मी हरकत घेतली नाही. नाव काहीही असो, माणसं उघड्यावर थांबत होती.

जानेवारीत तीन दिवस वादळ झालं. चौथ्या दिवशी सकाळी बर्फ थांबला, ढग राहिले. आदल्या रात्रीपासून शिपाई लाडला धाप लागली होती. सकाळी छातीतून बुडबुड्यांसारखा आवाज यायला लागला, ओठ निळे पडले. नर्सिंग असिस्टंटने तपासलं आणि मला बाहेर बोलावलं.

“फुप्फुसात पाणी आहे, साहेब. खाली न्यायला हवं. आजच.”

मी बेसला सेटवर विचारलं. हेलिकॉप्टर ढगांमुळे उडू शकत नव्हतं, उद्याचीही खात्री नव्हती. वादळानंतर एक-दोन दिवस उतारांवर जाऊ नये हा साधा नियम, आणि तो मी स्वतः सगळ्यांना शिकवला होता. पण ऑक्सिजनचे सिलिंडर मोजले तर ते उद्या सकाळपर्यंत पुरणारे नव्हते. जाण्यात धोका होता. न जाण्यात धोका नव्हता, खात्री होती. दहा वाजता आम्ही निघालो.

तीन स्कूटर. पुढे गुरव, एकटा. मधे शिपाई राणे, मागच्या स्लेजवर लाड, झोपण्याच्या पिशवीत बांधलेला, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. शेवटी मी, माझ्या मागे नर्सिंग असिस्टंट. ओसरीच्या अलीकडच्या धारेवर आम्ही थांबलो आणि इंजिनं बंद केली. गुरव उतरला, कडेकडेने थोडं चालून आला. आवाज नाही, भेग नाही. आवाज आला नाही म्हणजे जागा सुरक्षित ठरत नाही. धोक्याची एक खूण तेवढी दिसली नाही, इतकंच.

गुरवने नाल्याच्या बाजूने, उतारापासून जमेल तितकी लांब रेघ धरली आणि न थांबता पार गेला. पलीकडच्या धारेवर, म्हणजे पनिशमेंटवर, त्याने स्कूटर उभी केली.

“अल्फा वन. पार झालो. ट्रॅक चांगला हाय. ओव्हर.”

“अल्फा टू, जा.”

राणे त्याच ट्रॅकवरून गेला. निम्मं अंतर गेल्यावर त्याची स्कूटर थांबली.  

“राणे, थांबू नकोस. चालू ठेव. ओव्हर.”

“साहेब, लाडने मास्क ओढून काढला. पट्टा तुटलाय. धारेवर वाऱ्यात बांधता येणार नाही. इथंच बांधतो. दोन मिनिटं.”

हे त्याचं म्हणणं चूक नव्हतं. जाड हातमोजे काढल्याशिवाय पट्टा बांधता येत नाही, आणि वाऱ्यात उघडी बोटं क्षणात बधिर होतात. हातांचं बारीक काम करायला वाटेवर एकच जागा होती, आणि ती हीच. म्हणून तर ऑर्डर निघेपर्यंत सगळ्यांचे हात तिथे ब्रेककडे जात होते. लाड गुदमरत होता, भान नसल्याने हात झाडत होता. एक हात लाडचे हात धरायला, एक मास्क धरायला आणि एक बांधायला हवा होता.

“अल्फा वन,” गुरव म्हणाला. “मी पायी जातो. स्कूटर हितंच ऱ्हाईल. ओव्हर.”

पायी माणसाचं वजन स्कूटरच्या चौथाईहून कमी. मी “जा” म्हणालो. आजही तेच म्हणेन.

तो भराभर उतरला. आपला मफलर काढून लाडच्या मास्कवरून डोक्याभोवती बांधला. मी दुर्बिणीतून बघत होतो. मग त्याने राणेच्या पाठीवर थाप मारली. राणेने मला नंतर सांगितलं, तो म्हणाला होता, “सरळ माझ्या स्कूटरपातुर. मागं बघू नगं.”

स्लेजवर आणखी एक माणूस घेतला असता तर राणेची स्कूटर तो चढ चढली नसती. म्हणून गुरव ट्रॅकच्या कडेला उभा राहिला. राणे धारेवर पोचेपर्यंत तो हलला नाही. एका वेळी एकच, ही ऑर्डर त्याने तिथेही पाळली. राणे वर पोचला तेव्हा गुरवने आमच्याकडे बघून हात वर केला आणि चालायला लागला.

आवाज मला पायांत जाणवला. उतारावर, गुरवच्या बऱ्याच वर, एक काळी रेघ आडवी पळत गेली. मग तिच्याखालचा सगळा बर्फ एकदम निघाला. चादर ओढावी तसा. गुरव धारेच्या दिशेने धावला. दिशा बरोबर होती. अंतर पुरलं नाही.

तो शेवटचा दिसला त्या जागेवरून मी नजर काढली नाही. बर्फ थांबल्यावर सेटवर राणे होता.

“साहेब, गुरव खाली आहे. मी येतो.”

“नाही. तू लाडला घेऊन खाली जा.”

“साहेब, मी इथून जवळ आहे. गुरव—”

“राणे. सिलिंडर मोजलेले आहेत. खाली जा.”



“रॉजर,” तो म्हणाला. पलीकडून इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला आणि लांब होत गेला.

वरच्या उतारावर आता पडण्यासारखं फार उरलं नव्हतं. मी आणि नर्सिंग असिस्टंट पायी आत गेलो. डिटेक्टरने गुरवच्या अंगावरच्या बीकनचा, छोट्या ट्रान्समीटरचा, सिग्नल पकडला, प्रोब लागला, आम्ही खणलं. फावडी पाठीवर होती म्हणून एक मिनिटही शोधण्यात गेलं नाही. बर्फ सिमेंटसारखा बसला होता. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर आला तर बहुधा जगतो, त्यानंतर आशा भराभर उतरते. आम्ही त्याच्या चेहऱ्यापर्यंत पोचलो तेव्हा पंचवीस मिनिटं झाली होती. नर्सिंग असिस्टंटने पोस्टवरून माणसं येईपर्यंत आणि त्यानंतरही प्रयत्न सोडले नाहीत. शेवटी भोसले साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

लाड वाचला. बेसवर तिसऱ्या दिवशी तो उठून बसला. मफलर त्याने परत दिला नाही, आणि कुणी मागितलाही नाही.

पुढच्या पेट्रोलला भोसले साहेब निघाले. दुपारी सेट बोलला. आम्ही नेहमीच्या शब्दाची वाट पाहत होतो.

“गुरववर पोचलो,” ते म्हणाले. “चहा घेतो. ओव्हर.”

त्यानंतर पनिशमेंट हे नाव कुणी घेतलं नाही. ओसरी हेही नाही. आमच्या जागी आलेल्या पलटणीला आम्ही चार्ज दिला तेव्हा वाटेची सगळी नावं सांगितली, त्यात ‘गुरव’ होतं. ते जवान मराठी नव्हते. त्यांनी का, म्हणून विचारलं, भोसले साहेबांनी सांगितलं, आणि त्यांनी ते नाव चालू ठेवलं असं मला पुढे कळलं.

आता इथलं. महिन्यापूर्वी एका शनिवारी मी निनाद आणि त्याच्या मित्रांना घेऊन दक्षिणेला आल्प्सच्या पायथ्याशी गेलो. तिथे एका लिफ्टजवळ बीकन शोधण्याच्या सरावाचं मैदान आहे. बर्फात पुरलेली यंत्रं शोधायची, प्रोब मारायचा, खणायचं. पाचही जण हुशार, दुपारपर्यंत चांगले तयार झाले. मग भूक लागली. मुग्धा, माझी बायको, डबे घेऊन आली होती. मी यंत्रं परत करून आलो तोवर मंडळींनी जागा शोधली होती. मैदानापासून जरा वर, उताराच्या पोटात, छान ऊन, वाऱ्याची झुळूक नाही. सहाही जण गोल करून बसले होते.

“दाजी, या! काय जागा मिळालीय बघा,” निनाद म्हणाला. “हीटर लावल्यासारखी.”

“उठा,” मी म्हणालो.

“अहो, निदान पोळी-भाजी तरी संपू दे,” मुग्धा म्हणाली.

“डबे घेऊन उठा. एकेक जण. त्या वरच्या मोकळ्या कडेवर.”

“तिथे वारा आहे, दाजी!”

“म्हणूनच.”

निनादच्या एका मित्राने फोन काढला. “आल्झो, म्हणजे, मी सकाळी लाविनेनबेरिष्ट, हिमस्खलनाचं बुलेटिन, बघितलं. आज लेव्हल तीन आहे. पाचपैकी तीन, म्हणजे मधलं.”

हा हिशेब आपली माणसं हमखास करतात. पाचपैकी तीन म्हणजे निम्म्याच्या आसपास, पासिंग. हिमस्खलनाच्या त्या पट्टीवर प्रत्येक पायरीला धोका कितीतरी पटींनी चढतो. तीनचा अर्थ असा की उभ्या उतारावर एका माणसाच्या वजनानेही थर निघू शकतो. पाचच्या दिवशी कुणी घराबाहेर पडत नाही. तीनच्या दिवशी ऊन असतं आणि सगळे पडतात. मी त्यालाच फोनवर उताराचा कोन मोजायला लावला. चौतीस अंश. मोठी स्खलनं बहुतेक तीस ते पंचेचाळीसच्या दरम्यानच्या उतारावरून येतात, आणि ती सुटायला माणूस वर असावाच लागतो असं नाही. पायथ्याशी बसलेल्यांच्या वजनानेही सुटतात. त्याने आकडा परत बघितला आणि डब्याला झाकण लावलं.

कडेवर वारा जोरात होता. पोळ्या कडक झाल्या, चहा पहिल्या घोटातच गार. सगळे पाठ करून उभे होते आणि माझ्यावर चिडलेले होते, ते मला दिसत होतं.

निनाद म्हणाला, “दाजी, राग मानू नका. पण स्वीडनमध्ये तुम्ही नसणार. तिथे आम्ही पाच जण दमलेले, गारठलेले, आणि समोर अशी ऊबदार जागा. कुणी थांबायचं नाही म्हणालं तरी कुणी ऐकणार नाही. खरं सांगतोय.”

त्याने खरं सांगितलं हे चांगलं झालं. नियम सगळ्यांना पाठ होते. अडचण नियमांची नव्हती, गारठलेल्या हातांची होती. मी मग तिथेच वाऱ्यात उभं राहून त्यांना ओसरी सांगितली, गुरव सांगितला, जितकं वर लिहिलं तितकं. मुग्धालाही यातलं अर्धंच माहीत होतं.  मुग्धाने माझ्या हातातला गार कप घेतला आणि ओतून परत भरला.

काल दुसरा सराव झाला. या वेळी मी मुद्दाम खाली मैदानात थांबलो आणि त्यांना वॉकीटॉकी देऊन पुढे पाठवलं. वाट त्यांनी निवडायची, विश्रांतीची जागाही त्यांनीच. वाटेत ती उन्हाची, वारा न लागणारी जागा होती. मी खालून बघत होतो. ते तिच्यापाशी आले, थबकले, निनादने उताराकडे बघितलं. मग हात वर केला. बाकीचे थांबले आणि तो एकटा आडवा पार गेला. त्याच्यामागे एकेक जण, आधीचा कडेवर पोचल्यावरच पुढचा. पाचवा पोचेपर्यंत मी यशवंत गुरवला धारेकडे चालताना बघत होतो.

वर पोचून ते वाऱ्यात गोळा झाले. थर्मास निघाला. मग माझ्या हातातला सेट खरखरला.

“दाजी, गुरववर पोचलो,” निनाद म्हणाला. “चहा गार झालाय. ओव्हर.”

“गार प्या,” मी म्हणालो. “ओव्हर.”